प्रेक्षक निवडतो कोण? बीबीसीच्या ‘क्वेश्चन टाइम’मधील स्थलांतराच्या चर्चांविषयी

गुरुवारी रात्री उशिरा लागणारा ‘क्वेश्चन टाइम’ हा बीबीसीचा राजकीय चर्चेचा कार्यक्रम मी लंडनमध्ये राहायला आल्यापासून नियमाने पाहत आलो आहे. सप्टेंबर १९७९ मध्ये रॉबिन डे यांच्या सूत्रसंचालनाखाली तो सुरू झाला. डेव्हिड डिंबलबी यांनी १९९४ ते २०१८ अशी जवळपास पाव शतक त्याची धुरा वाहिली आणि २०१९ पासून फिओना ब्रूस तो चालवतात. व्यासपीठावर साधारणपणे पाच वक्ते आणि समोर सुमारे दीडशे प्रेक्षक असतात, आणि दर आठवड्याला गाव बदलते. दूरचित्रवाणीच्या परवान्यासाठी एप्रिल २०२५ पासून वर्षाला १७४.५० पाउंड भरावे लागू लागले, आणि स्थलांतरित माणूसही ते भरतोच. म्हणून ज्या चर्चेत आपल्याविषयी बोलले जाते, त्या चर्चेत समोर कोणाला बसवले जाते हे तपासून पाहण्याचा अधिकार आपल्यालाही आहे, असे मी मानतो.

प्रथम चांगले ते सांगतो. प्रश्न प्रेक्षकांचे असतात. सभागृहात आल्यावर प्रेक्षक आपले प्रश्न लिहून देतात, त्यांतून काही निवडले जातात आणि वक्त्यांना ते आधी दाखवले जात नाहीत. चित्रीकरण प्रक्षेपणाच्या काही तास आधी होते. सुरुवातीला सभागृहाला कंठ फुटावा म्हणून एक प्रश्न घेतला जातो, तो दाखवलाच जात नाही. मग सूत्रसंचालक बोट दाखवून “निळ्या शर्टातले गृहस्थ”, “मागच्या रांगेतील चष्मा लावलेल्या बाई” अशी हाक देतात आणि माणूस बोलू लागतो. एखाद्या मंत्र्याला समोरच्या परिचारिकेने किंवा शेतकऱ्याने तोंडावर प्रश्न विचारावा आणि मंत्र्याला टाळता येऊ नये, हे दृश्य मला आजही मोलाचे वाटते. आपल्याकडच्या वाहिन्यांवर रात्री नऊच्या चर्चेत सामान्य माणसाला एवढी जागा क्वचितच मिळते.

परंतु शर्टाच्या रंगावरून होणाऱ्या याच ओळखीत एक अडचण आहे. बोलणारा माणूस कोण, तो कोणत्या पक्षाचा कार्यकर्ता आहे की नाही, त्याचा या विषयाशी संबंध काय, हे घरी बसलेल्या प्रेक्षकाला कळत नाही. प्रवेशाच्या अर्जात मात्र ही माहिती विचारलेली असते: व्यवसाय काय, मागच्या निवडणुकीत मत कोणाला दिले, पुढे कोणाला देणार, एखाद्या पक्षाचे सदस्य आहात का, युरोपीय संघात राहायचे की बाहेर पडायचे या २०१६ च्या सार्वमतात कोणत्या बाजूने मतदान केले. या उत्तरांवरून सभागृहाचा समतोल साधला जातो. तराजू आयोजकांकडे असतो आणि आपल्याला फक्त टाळ्या किंवा आरडाओरडा ऐकू येतो.

म्हणूनच स्थलांतराचा विषय निघाला की भांडण प्रेक्षकांवर येते. २२ ऑक्टोबर २००९ चा भाग घ्या. त्याच वर्षी युरोपीय संसदेत निवडून आलेले, ब्रिटिश नॅशनल पार्टी या अतिउजव्या, स्थलांतरविरोधी पक्षाचे नेते निक ग्रिफिन त्या दिवशी व्यासपीठावर होते, लंडनच्या टेलिव्हिजन सेंटरबाहेर निदर्शने चालू होती आणि सुमारे ८० लाख लोकांनी तो भाग पाहिला. ग्रिफिन यांच्या शेजारी शिकागोत जन्मलेल्या नाटककार बॉनी ग्रीअर बसल्या होत्या आणि पॅनेलमध्ये पाकिस्तानातून आलेल्या कुटुंबातल्या, कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाच्या सईदा वारसी होत्या. नंतर ग्रिफिन यांनी तक्रार केली की हा भाग लंडनमध्ये घ्यायलाच नको होता, कारण लंडनचा प्रेक्षक म्हणजे ब्रिटनचा प्रेक्षक नव्हे. त्यांचे राजकारण मला अत्यंत घातक वाटते. तरीही त्या रात्रीचा बहुतेक वेळ एका माणसाला कोंडीत पकडण्यात गेला, आणि २००४ मध्ये पूर्व युरोपातील नव्या सदस्य देशांच्या कामगारांना प्रवेश खुला करताना किती लोक येतील याचा सरकारचा अंदाज इतका कसा चुकला यासारख्या प्रश्नांना न्याय मिळाला नाही, हे मान्य केलेच पाहिजे. ज्या प्रश्नाचे उत्तर मंत्र्यांकडून मिळायला हवे होते, तो ग्रिफिन यांच्या आडोशाला राहून गेला.

१६ एप्रिल २०१५ रोजी विरोधी पक्षांच्या नेत्यांची निवडणूक चर्चा झाली. ती ‘क्वेश्चन टाइम’चा भाग नव्हती, पण वाहिनी तीच आणि सूत्रसंचालक डिंबलबीच होते. घरांच्या टंचाईचा संबंध स्थलांतरविरोधी यूकिप पक्षाचे तेव्हाचे नेते नायजल फराज यांनी स्थलांतराशी जोडला, सभागृहातून नापसंतीचा आवाज उठला आणि फराज यांनी समोर बसलेल्या लोकांनाच डाव्या विचारांचे ठरवले. डिंबलबी यांनी लगेच सांगितले की हे प्रेक्षक बीबीसीने नव्हे, तर एका स्वतंत्र जनमत चाचणी संस्थेने सर्व पक्षांचा समतोल राखून निवडले आहेत. खरा प्रेक्षक घरी बसला आहे, असे उत्तर फराज यांनी दिले. २८ जून २०२४ रोजी बर्मिंगहॅममध्ये ‘क्वेश्चन टाइम’च्या विशेष भागात हाच प्रसंग पुन्हा घडला. त्यांच्या रिफॉर्म यूके पक्षाच्या कार्यकर्त्यांच्या वर्णद्वेषी वक्तव्यांवर प्रेक्षकांनी त्यांना धारेवर धरले, प्रेक्षक ठरवून बसवल्याचा आरोप त्यांनी केला आणि बीबीसीच्या पुढच्या मुलाखतीला जाण्यास नकार दिला. बीबीसीने आरोप फेटाळला. फराज यांना कार्यक्रमाचे दार बंद होते असे मात्र कोणी म्हणू शकणार नाही. ब्रिटिश संसदेत पहिल्यांदा निवडून येण्याआधीच ते ‘क्वेश्चन टाइम’च्या पॅनेलवर तीसहून अधिक वेळा बसले होते, आणि दुसऱ्या बाजूच्या लोकांची तक्रार नेमकी हीच आहे.

दोन्ही बाजू तक्रार करतात, म्हणजे आपण मध्यावर आहोत, हा युक्तिवाद वाहिन्यांच्या बाजूने वारंवार ऐकू येतो. मला तो पटत नाही, कारण दोष पक्षांच्या वजनात नसून मुळात अर्ज करणाऱ्या माणसात आहे. गुरुवारची संध्याकाळ काढून, अर्ज भरून, प्रश्न तयार करून जाणारा माणूस बहुधा आधीच पक्क्या मताचा असतो. अशा माणसांचे पक्षनिहाय समान वाटे केले, तरी पक्क्या मतांचीच दोन टोके समोरासमोर येतात. २०१६ ते २०१८ या काळात ‘नॅशनल कॉन्व्हर्सेशन ऑन इमिग्रेशन’ या उपक्रमात ब्रिटनभर ६० ठिकाणी नागरिकांचे छोटे गट बसवून बोलते केले गेले. त्यात दिसले की बहुसंख्य लोक स्थलांतराचा फायदा आणि ताण दोन्ही एकाच वेळी मान्य करतात. त्याच उपक्रमात ज्याला वाटेल त्याने भरावी अशी एक खुली प्रश्नावलीही होती, आणि तिच्यात मात्र टोकाची मते ठळकपणे उमटली. माणसे त्याच देशातली होती, बोलावण्याची रीत तेवढी बदलली होती. माझी शेजारीण, जन्माने इथलीच, दवाखान्यातील रांगेबद्दल कुरकुर करते आणि त्याच दवाखान्यातील केरळी परिचारिकेचे मनापासून कौतुकही करते. तिने अशा कार्यक्रमाचा अर्ज कधी भरलेला नाही, आणि ती भरेल असे मला वाटत नाही.

दुसरा दोष मला अधिक खुपतो. तराजू मतांचा असल्यामुळे ज्याला मत नाही त्याचे वजन शून्य होते. २३ जून २०१६ च्या सार्वमतात ब्रिटनमध्ये राहणाऱ्या युरोपीय संघाच्या सुमारे ३० लाख नागरिकांपैकी, आयर्लंड, माल्टा आणि सायप्रसचे सोडले तर, कोणालाही मत नव्हते. सार्वमताच्या दोन दिवस आधी वेंब्ली अरीनामध्ये ६,००० प्रेक्षकांसमोर बीबीसीची मोठी चर्चा झाली. अर्धे प्रेक्षक राहण्याच्या बाजूचे, अर्धे बाहेर पडण्याच्या. विषय तीन, त्यांतला एक स्थलांतर. सभागृहाची अशी काटेकोर विभागणी केल्यावर, ज्यांच्या वास्तव्याचा निर्णय होणार होता त्या पोलिश सुताराला किंवा रुमानियन बाईला बसवायचे कोणत्या बाजूला, हा प्रश्नच उरत नाही. आणि स्थलांतरित म्हटला की त्याचे मत ठरलेले, असेही नसते. त्याच मंचावर बाहेर पडण्याच्या बाजूने बोलणाऱ्या गिझेला स्टुअर्ट जर्मनीत जन्मलेल्या होत्या. म्हणूनच अशी माणसे सभागृहात हवीत. ती कोणाचे पारडे जड करतील हे आधी सांगता येत नाही.

विषयाची मांडणीही नीट होत नाही. २०२२ मध्ये इंग्लिश खाडी छोट्या बोटींतून ओलांडून आलेल्यांची संख्या ४५ हजारांहून अधिक होती, तर त्या वर्षी दीर्घ मुदतीसाठी आलेल्या एकूण लोकांचा अधिकृत अंदाज १२ लाखांच्या आसपास होता. त्यांत विद्यार्थी, वृद्धसेवक, डॉक्टर आणि युक्रेनमधील निर्वासितही होते. मी पाहिलेल्या भागांत बोटींवरची चर्चा बाकी सगळ्यांना व्यापून टाकते. सूत्रसंचालकाने अशा वेळी आकडा सांगून चर्चा रुळावर आणावी, अशी माझी अपेक्षा असते. फिओना ब्रूस वक्त्यांच्या बाबतीत ते पुष्कळदा करतात, प्रेक्षकांच्या बाबतीत क्वचित. प्रेक्षकाचा मान राखण्याची भावना मी समजू शकतो, पण फेब्रुवारी २०२० मध्ये सीमा पूर्ण बंद करा असे म्हणणाऱ्या एका प्रेक्षक महिलेच्या संतप्त भाषणाची चित्रफीत कार्यक्रमाच्याच खात्यावरून सुटी करून फिरवली गेली, तेव्हा त्या भाषणामागची चर्चा गळून पडली आणि लाखो लोकांपर्यंत फक्त संताप पोहोचला.

पाचपैकी मी तीन तारे देतो, आणि तिन्ही प्रेक्षकांच्या प्रश्नांसाठी. काही जागा अर्जांतून न भरता मतदार नसलेल्या रहिवाशांसह सोडतीने भराव्यात, आणि बोलणाऱ्याच्या नावाखाली त्याचा विषयाशी असलेला संबंध एका ओळीत दाखवावा. एवढे केले तर चौथा तारा मी आनंदाने देईन.

मराठी वाचकांसाठी एक गोष्ट मुद्दाम नोंदवतो. वेंब्ली अरीना लंडनच्या ज्या ब्रेंट बरोमध्ये (म्हणजे स्थानिक प्रशासकीय विभागात) आहे, त्याच बरोमध्ये डॉलिस हिल येथे १९३२ साली स्थापन झालेल्या लंडनच्या महाराष्ट्र मंडळाची वास्तू आहे. आपल्यापैकी पुष्कळांना वाटते की भारतीय पासपोर्ट आहे म्हणजे आपण इथे केवळ बघे. ते खरे नाही. राष्ट्रकुलातील देशाचा नागरिक म्हणून, इथे कायदेशीर वास्तव्य असलेल्या भारतीयाला मतदार यादीत नाव नोंदवून ब्रिटिश संसदेच्या निवडणुकीत मत देता येते, आणि २०१६ च्या सार्वमतातही ते देता आले होते. पोलिश शेजाऱ्याला जो रकाना कोरा सोडावा लागतो, तो आपण भरू शकतो. अर्ज कार्यक्रमाच्या संकेतस्थळावर असतो, आणि प्रश्न घरूनच विचार करून न्यावा.