३८३ स्ट्रोकरसाठी फोर्ज्ड क्रँक: एका सीझननंतरचा अनुभव

निकाल आधीच सांगतो. क्रँक (पिस्टनच्या वर-खाली हालचालीला गोल फिरवणारा दांडा) झकास चाललाय, पण त्याचं श्रेय मी स्टीलला कमी आणि मशीन शॉपमधल्या मोजमापाला जास्त देईन.

गाडी १९७९ ची कॅमारो, मुक्काम मिशिगन. शेवरोलेच्या ३५० स्मॉल ब्लॉकचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ३० थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) वाढवून ४.०३० इंच केला आणि ३.४८ ऐवजी ३.७५ इंच स्ट्रोकचा (पिस्टनच्या एका फेरीच्या लांबीचा) क्रँक टाकला की ३८३ घनइंच होतात; असं स्ट्रोक वाढवलेलं इंजिन म्हणजे स्ट्रोकर. हा स्ट्रोक मुळात शेवरोलेच्याच ४०० इंजिनाचा. पूर्वी लोक त्या क्रँकचे मेन जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारे गोल भाग) २.६५ वरून २.४५ इंचांवर ग्राइंड करून घ्यायचे. आता तयार मिळतात.

घोळ असतो तो कास्ट (साच्यात ओतलेला) की फोर्ज्ड (तापवून, ठोकून घडवलेला) यात. साडेचारशे हॉर्सपॉवरच्या आत, सहा हजार आरपीएमखाली चालणाऱ्या गाडीला चांगला कास्ट स्टीलचा क्रँक पुरतो, हे माझं आजही मत. मला पुढे नायट्रस (जादा ताकदीसाठी इंजिनात सोडायचा वायू) लावायचाय, म्हणून दुपटीहून जास्त पैसे मोजून ४३४० या मिश्र पोलादाचा फोर्ज्ड घेतला. आपल्याकडचे टर्नर एन-२४ म्हणतात, ते जवळपास हेच. (फोर्जिंग म्हटलं की पुणेकराला मुंढव्याचं भारत फोर्ज आठवणारच, पण या किमतीतला बराचसा माल चीनमधून येतो.) ब्रँडचं नाव देत नाही, कारण खरा फरक ग्राइंडिंगमध्ये पडतो आणि तो नगागणिक वेगळा निघू शकतो.

माझ्या नगाचे जर्नल मायक्रोमीटरवर सरळ आले, टेपर (निमुळतेपणा) नावालाही नाही. पण ऑइल होलच्या कडा धारदार होत्या. नायलॉनचा मोजा जर्नलवरून फिरवला तर दर होलपाशी धागा अडकत होता. शॉपवाल्याने कडा मोडून पॉलिश केलं. मग आतल्या मार्गांतून ब्रश घातला, तर करडा चिखल निघाला. नवाकोरा क्रँक, खोक्यातून काढलेला! हे न धुता बसवलं असतं तर पहिल्याच स्टार्टला बेअरिंगची वाट लागली असती. शिवाय फोर्ज्ड क्रँकच्या फिलेटचा (जर्नलच्या कडेच्या गोलाईचा) रेडियस मोठा असतो, त्यामुळे कडा कापलेले कनेक्टिंग रॉडचे बेअरिंगच लागतात. साधे घातले तर कडेला घासतात.

बॅलन्सिंगचं आधी ठरवा. जुना ४०० बाहेरून बॅलन्स केलेला असायचा, म्हणजे पुढचा बॅलन्सर आणि मागची फ्लेक्सप्लेट (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सकडची चकती) दोन्ही वजनवाली. मी इंटर्नल बॅलन्सचा क्रँक घेतला, सहा इंची रॉड आणि हलके पिस्टन लावले. बॉबवेट (बॅलन्सिंगसाठी धरायचं रॉड-पिस्टनचं वजन) कंपनीने दिलेल्या आकड्याच्या खाली आलं, त्यामुळे काउंटरवेटला भोकं पाडून काम भागलं. वर गेलं असतं तर टंगस्टनचे तुकडे ठोकावे लागले असते, आणि तो खर्च डोळे पांढरे करणारा असतो. स्ट्रोक वाढल्याने रॉड जास्त लांबवर फिरतो, म्हणून ब्लॉकलाही पॅन रेलपाशी (खालच्या कडेला) ग्राइंडर लावावा लागला. रॉडचा बोल्ट आणि कॅम यांच्यात निदान ५० थाऊ जागा हवी.

मेन बेअरिंगचा क्लिअरन्स अडीच थाऊ ठेवला. इंजिन तापल्यावर आयडलला ऑइल प्रेशर २५ पीएसआयच्या आसपास, साडेपाच हजारांना ५५ च्या वर. अख्खा उन्हाळा गाडी रेटली, अधूनमधून ड्रॅग स्ट्रिपवरही नेली. सीझन संपल्यावर फिल्टर कापून पाहिला, चकाकणारं, म्हणजे झिजलेल्या धातूचं, काही नव्हतं. थरथर नाहीच. खालच्या आरपीएमला टॉर्क एवढा की दुसऱ्या गिअरमध्ये टायर जागा सोडतात. फक्त लाल रेषेपाशी हात आवरता घ्या. सहा हजार आरपीएमला पिस्टनचा सरासरी वेग मिनिटाला ३४८० फुटांवरून ३७५० वर गेलाय.

ऑर्डर देताना रिअर मेन सील (क्रँकच्या मागच्या टोकाचं ऑइल सील) नक्की तपासा. १९८५ पर्यंतच्या ब्लॉकला दोन तुकड्यांचं लागतं, १९८६ पासून एकसंध आलं. दोन्हींचे क्रँक वेगळे, आणि एकसंधवाल्याची फ्लेक्सप्लेटही वेगळी. जाहिरातीत हे बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं.