पहिले शिडाचे जहाज: ओंडक्याचे किट की फळ्यांचे? विदर्भातील हवा लक्षात घेऊन केलेली तुलना

वैनगंगेच्या काठी डोंग्यापलीकडे जलवाहन फारसे दिसत नाही, आणि डोलकाठी, नाळ (जहाजाचे पुढचे टोक), सुकाणू हे शब्द आमच्या तालुक्यात पाठ्यपुस्तकातूनच येतात. तरीही लाकडी जहाजाची प्रतिकृती जोडावी असे वाटणारी माणसे येथेही आहेत, आणि त्यांच्यापुढे पहिला प्रश्न किट, म्हणजे जोडणीच्या भागांची पेटी, कोणते घ्यावे हा असतो. परदेशी मार्गदर्शकांत याचे उत्तर कौशल्य आणि खर्च यांवरून दिले जाते. माझ्या मते आपल्याकडे या दोहोंच्या आधी हवेचा विचार करावा लागतो, कारण मे महिन्यात पंचेचाळीस अंशांच्या कोरड्या उन्हात आकसलेले लाकूड जुलैत ओल धरून फुगते.

ओंडक्याच्या किटमध्ये बासवुडसारख्या मऊ लाकडाचा एकसंध ठोकळा येतो. त्याला यंत्राने जहाजाचा ढोबळ आकार दिलेला असतो. नकाशावरून पुठ्ठ्याचे छेदसाचे, म्हणजे जहाजाच्या आडव्या छेदाच्या आकाराचे साचे, कापायचे, ते ठिकठिकाणी लावून पाहायचे आणि पटाशी व पॉलिशपेपरने आकार नेमका करायचा, एवढेच काम असते. गावातील सुतारदादांशी ओळख असेल तर हा टप्पा फारच सुकर होतो. मात्र डावी आणि उजवी बाजू तंतोतंत सारखी आणणे वाटते तितके सोपे नाही, आणि एकदा जास्त तासले गेलेले लाकूड परत येत नाही. शिवाय जाड ठोकळा बाहेरून लवकर आणि आतून सावकाश वाळतो, त्यामुळे उन्हाळ्यात त्याला बारीक तडा जाण्याचा धोका राहतो. ज्यांना जहाज रंगवायचे आहे त्यांना तो तडा पुट्टीने झाकता येईल. ज्यांना लाकडाचा मूळ रंग दिसायला हवा आहे त्यांच्याकडे हा उपाय नाही.

फळ्यांच्या किटमध्ये प्लायवुडचा उभा कणा असतो, त्यात आडवे साचे बसवायचे असतात आणि त्यांवरून नाळेपासून मागच्या टोकापर्यंत एकेक पट्टी वाकवून चिकटवायची असते. यांपैकी दुहेरी फळ्यांचे किट मी निःसंकोच पुढे ठेवीन. पहिला थर साधारण दीड मिलिमीटर जाडीच्या मऊ लाकडाचा असतो. तो घासून, खाचा भरून गुळगुळीत केल्यावर त्यावर अर्ध्या ते एक मिलिमीटरचा अक्रोडासारख्या लाकडाचा दिसणारा थर येतो. पहिल्या थरातील चुका दुसऱ्याखाली जातात, आणि दोन्ही थरांचे सांधे एकमेकांवर येऊ दिले नाहीत तर फळ्या आकसल्या तरी फट आरपार उघडत नाही. एकेरी फळ्यांच्या किटमध्ये ही सवलत नसते.

फळ्या बसवण्यासाठी ऋतू निवडावा लागतो. पावसाळ्यात फुगलेल्या पट्ट्या बसवल्या तर उन्हाळ्यात त्यांच्यात फटी पडतात. उन्हाळ्यात बसवल्या तर पावसाळ्यात त्या एकमेकींना रेटून उंचावतात. दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंतचा मधला काळ सर्वांत बरा. डिंकाचाही स्वभाव बदलतो: फेव्हिक्विकच्या जातीचा डिंक हवेतील ओलाव्यामुळेच घट्ट होतो, म्हणून भर पावसाळ्यात तो झटकन पकडतो, पण आजूबाजूला पांढरी साय सोडतो. अक्रोडाच्या गडद थरावर ती फार खुपते. फेव्हिकॉलला वेळ लागतो, परंतु माझा कल त्याच्याकडेच आहे.

येथे कोणीही विचारील की, आलापल्लीचे सागवान हाताशी असताना किट मागवावेच कशाला? मुंबईत वाडिया घराण्याने सागवानातून बांधलेली आणि 1817 मध्ये पाण्यात उतरलेली ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका आज दोनशे वर्षांनंतरही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे पाण्यावर उभी आहे, त्यामुळे शंका रास्त आहे. पण लाकूड लहान होते तेव्हा त्याचे रेषे लहान होत नाहीत. सागाची ठळक रंध्रे लहान प्रतिकृतीत घळींसारखी दिसतात, आणि त्यातील तेलकटपणामुळे डिंकही नीट धरत नाही. आपल्याच जंगलातील हळदू बारीक पोताचा असल्याने त्याहून पुष्कळ चांगला; किटमधील पट्टी मोडली तर तिच्या जागी तो वापरून पाहावा.

सांगाड्याइतकाच दोरकामाचा विचार किट निवडतानाच करावा, कारण बहुतेकांचा धीर तेथे सुटतो. तीन डोलकाठ्यांच्या युद्धनौकेत एका काठीला एका बाजूने 8 आधारदोर आणि त्यांवर चढण्यासाठी 30 पायदोर धरले, तर 240 गाठी होतात. दोन्ही बाजू आणि तिन्ही काठ्या मिळून 1,440. गाठ अवघड नाही, बैलाचे दावे खुंट्याला गुंडाळून अडकवतात जवळपास तशीच आहे, पण ती 1:64 प्रमाणात (मूळ जहाजाच्या चौसष्टाव्या भागाच्या मापात) सहा-सहा मिलिमीटरवर चिमट्याने मारायची असते. उलट दोन डोलकाठ्यांच्या स्कूनर जातीच्या जहाजाची मुख्य शिडे जहाजाच्या लांबीच्या दिशेने असतात, त्यामुळे आडव्या काठ्या आणि त्यांचे दोर पुष्कळ कमी होतात. कॅनडातील लुनेनबर्ग येथे 1921 मध्ये पाण्यात उतरलेल्या ‘ब्लूनोज’ची किटे याच जातीची आहेत, आणि पहिल्या खेपेस मी तीच सुचवीन. 104 तोफांची इंग्रजी युद्धनौका ‘व्हिक्टरी’ डोळ्यांत भरते खरी, पण ती दुसऱ्या किंवा तिसऱ्या खेपेसाठी ठेवावी.

किटमधील सुती दोरा ओल धरली की ताणतो आणि कोरडा पडला की सैलावतो. कूलरच्या खोलीत तर हे रोज घडते. त्याऐवजी पॉलिस्टरचा दोरा घ्यावा आणि जागेवर अडलेल्या दोरांसाठी गडद, शिडे हलवणाऱ्या दोरांसाठी फिकट रंग ठेवावा. मधमाश्यांच्या मेणावरून एकदा फिरवला की त्याचा रोवा बसतो.

हत्यारांवर पहिल्या वर्षी फार खर्च करू नये. किट परदेशातून मागवल्यास किमतीवर सीमाशुल्क चढते. पेटी हाती आली की यादीशी प्रत्येक तुकडा ताडून पाहावा. माझ्या पहिल्या पेटीत दोर ओवायच्या छोट्या कप्प्यांची एक पुडी नव्हती आणि हे मला सात महिन्यांनी कळले.

मागणी नोंदवण्यापूर्वी घरात जागा मोजावी. मूळ ‘ब्लूनोज’ 143 फुटांची, म्हणजे 1:64 मध्ये नुसता सांगाडा 68 सेंटिमीटरच्या आसपास जातो, आणि नाळेपुढचा सोट, म्हणजे पुढे काढलेली काठी, त्याहून बाहेर येतो. मळणीच्या दिवसांत उडणारी धूळ दोऱ्यांवर बसली की निघत नाही, म्हणून काचपेटी लागतेच. तिच्यासह जहाज आमच्या कोनाड्यात मावले नाही. शेवटी धान्याच्या कोठीवर ठेवावे लागले.