एक इंची एअर रेग्युलेटर, सात महिने वापरून: टेप, साबणपाणी आणि मे महिन्याचं ऊन

नोव्हेंबरात नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीतल्या आमच्या पॅकिंग लाइनवर हा रेग्युलेटर, म्हणजे हवेचा दाब उतरवून कायम ठेवणारा व्हॉल्व्ह, चढवला. हवेच्या लाइनला 7 किलो दाब (चौरस सेंटिमीटरला), मशीनला 4 किलो. आता जून लागला. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण तक्रारी निम्म्या व्हॉल्व्हच्या आहेत आणि निम्म्या माझ्याच.

आधी माझी. बसवताना टेफ्लॉन टेप अगदी टोकापासून गुंडाळली. पंधरा दिवसांत मशीन बंद असताना गेजचा काटा 4 वरून साडेचारकडे सरकायला लागला आणि बॉनेटच्या (स्प्रिंगवरच्या टोपीच्या) भोकातून फुसफुस सुरू झाली. नॉब पूर्ण सैल केला की व्हॉल्व्ह बंद होतो, तरी आवाज थांबेना, म्हणजे हवा सीटमधूनच (हवा अडवणाऱ्या रबरी बैठकीतून) येत होती. (डायफ्राम, म्हणजे स्प्रिंगखालचा लवचिक पडदा, फाटला असता तर नॉब आवळल्यावरच फुसफुसला असता.) खोलून बघतो तर रबरी सीटवर नखाएवढा पांढरा टेपचा तुकडा. तेव्हापासून पुढचे दोन आटे कोरे सोडतो.

जोडणी तशी सोपी आहे. खोलण्याआधी लाइनची हवा सोडायची आणि नॉब पूर्ण सैल करायचा, नाहीतर स्प्रिंग बॉनेट उडवते. स्क्रू समोरासमोरचे, थोडेथोडे आवळायचे. एका बाजूने आवळत गेलं की डायफ्रामला चुणी पडते आणि तिथूनच हवा निसटते. यातलं काहीही सोबतच्या पत्रकात नाही. चित्र इतकं बारीक की ओ-रिंग कुठल्या खाचेत जाते तेच कळत नाही. एप्रिलमध्ये सीट आणि डायफ्राम बदलायचे ठरवले, तर इतवारीत लोहा ओळ पालथी घातली, त्या मापाचा डायफ्राम नाही. सीट-डायफ्रामचं किट मागवून चार दिवस वाट पाहिली.

खरी गंमत मे महिन्यात झाली. नवीन किट टाकून टेस्ट लावली: पुढचा कॉक बंद, मागून 7 किलो, नॉब 4 वर. हवा वाहत नसली की काटा सेटिंगच्या किंचित वर थांबतो, तो 4.1 वर थांबला. सगळ्या जोडांना शाम्पूचं पाणी लावलं (उन्हात लगेच वाळतं म्हणून चमचाभर ग्लिसरीन टाकतो), बुडबुडा कुठेच नाही. पण दोन तासांत काटा 4.3! आमचे जुने फिटर काका म्हणाले, "गेली ना भाऊ सीट." दोनदा खोललं. सीट आरशासारखी.

तिसऱ्यांदा पाना उचलला तेव्हा पाइपला हात लागला आणि चटका बसला. छताच्या पारदर्शक पत्र्यातून ऊन थेट त्या तुकड्यावर पडत होतं. कोंडलेली हवा तापली की दाब वाढणारच. 4.1 किलो गेजचा म्हणजे बाहेरच्या हवेचा साधारण 1 धरून मुळात 5.1, आणि पाइप 32 वरून 44 अंशांवर गेला की हिशेबाने 0.2 वाढ येतेच. ओलं गोणपाट गुंडाळलं, दहा मिनिटांत काटा 4.1 वर परत. सीट गळत असती तर तो खाली आलाच नसता. काका गोणपाटाकडे बघत राहिले, मग चहाला गेले. तेव्हापासून ही टेस्ट आम्ही सकाळी सातला घेतो.

उलट बाजूची तक्रार मात्र व्हॉल्व्हचीच आहे. सोबत आलेल्या गेजवर रेघा अर्ध्या अर्ध्या किलोच्या. 0.2 ची सरक त्यावर दिसणारच नाही. मी 7 किलोपर्यंतचं, चार इंची डायलचं, 0.1 च्या रेघांचं गेज लावलं म्हणून हे सगळं दिसलं. बाकी दाब मशीन जोरात चालतानाही फार पडत नाही, आणि नॉबचं लॉक कंपनाने ढिलं झालं नाही.

दुसऱ्या मशीनलाही हाच मागवलाय. गेज वेगळं, आणि एक जादा किट सोबतच.