आठवणी बोलून लिहायच्या तर : गूगल डॉक्सचं व्हॉइस टायपिंग

टायपिंगचा सराव नसलेल्या ज्येष्ठांना आठवणी लिहायच्या असतील, तर गूगल डॉक्समधली, बोललेलं आपोआप टाइप करणारी ही फुकटातली सोय जरूर वापरावी. संगणकावर क्रोममध्ये डॉक्युमेंट उघडा, ‘टूल्स’मधून व्हॉइस टायपिंग घ्या, भाषा मराठी निवडा आणि माइकवर क्लिक करून बोला. इंटरनेट चालू हवं. मध्येच दुसऱ्या टॅबवर गेलात की माइक बंद पडतो आणि पुढचं बोलणं वाया जातं.

प्रमाण मराठी बरीच नीट उतरते. आडनावं, गावांची नावं, बोलीतले शब्द हमखास बिघडतात. विरामचिन्हं हातानेच द्यावी लागतात, म्हणून एक प्रसंग सांगून झाला की लगेच वाक्यं तोडा. नाहीतर नंतर तो सलग मजकूर लावताना जीव मेटाकुटीला येतो. आजी ‘व्हतं’ म्हणाली असेल आणि पडद्यावर ‘होतं’ उमटलं, तर ते परत ‘व्हतं’ करा. तिचा आवाज त्यातच आहे.

घरच्यांना वाचायला देताना ‘कमेंटर’ अधिकार द्या, ‘एडिटर’ नको. काका-आत्या साल, नाव बाजूला सुचवतात आणि मूळ मजकूर शाबूत राहतो. चुकून काही पुसलंच, तर व्हर्जन हिस्ट्रीतून, म्हणजे मजकुराच्या जुन्या रूपांच्या नोंदीतून, परत आणता येतं.