फिल्म एकच, डेव्हलपर तीन: आठ महिन्यांनंतर

आठ महिन्यांत घरी तीसेक रोल धुतले. फिल्म मुद्दाम एकच ठेवली, इल्फर्डची कृष्णधवल एचपी५ प्लस, ४०० आयएसओ या तिच्या नेहमीच्या संवेदनशीलतेलाच. बदलला तो फक्त डेव्हलपर, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणारं रसायन. दोन्ही बदलत राहिलो असतो तर कोणता फरक कशाने पडला हे कधीच उमगलं नसतं.

सुरुवात इल्फर्डच्याच आयडी-११ या डेव्हलपरने केली. कोडॅकचा डी-७६ आणि हा जवळपास भाऊभाऊच: मेटॉल, हायड्रोक्विनोन, बोरॅक्स आणि लिटरमागे तब्बल १०० ग्रॅम सोडियम सल्फाइट. हा सल्फाइट चांदीच्या कणांच्या कडा किंचित विरघळवतो, म्हणून ग्रेन, म्हणजे चित्रातला दाणेदारपणा, मऊ दिसतो, पण फोटोची धारही जरा बोथट होते. द्रावणात तेवढंच पाणी घातलं (म्हणजे १+१) की सल्फाइट निम्मा होतो आणि धार परत येते. २० अंशांना नुसत्या द्रावणात साडेसात मिनिटं, १+१ला १३. माणसांचे चेहरे असलेले रोल मी १+१नेच धुतो. गालावरच्या सावलीत करड्या रंगाच्या जितक्या छटा इथे मिळाल्या तितक्या दुसरीकडे मिळाल्या नाहीत.

मग एक अख्खा रोल पातळ, म्हणजे फिकट आला, अगदी काचेसारखा. आधी वाटलं, एक्स्पोजर चुकलं. पण फिल्मच्या कडेचे आकडेही फिकट होते, आणि त्यांचा कॅमेऱ्याशी काही संबंध नसतो. ते कारखान्यातच उमटवलेले असतात. म्हणजे दोष डेव्हलपिंगचा. द्रावण दोन महिने अर्ध्या बाटलीत पडून होतं, आत हवा. त्या रोलवरचे चेहरे परत टिपता येणारे नव्हते. आजही वाईट वाटतं.

त्या धास्तीने रोडिनालकडे वळलो. १८९१ सालचा हा डेव्हलपर बाटलीत गडद तपकिरी झाला तरी वर्षानुवर्षं काम करतो. १+५०ला ११ मिनिटं. ३०० मिलीच्या टँकला, म्हणजे फिल्म धुण्याच्या बंद डब्याला, जेमतेम ६ मिली पुरतो. पण सल्फाइट कमी, त्यामुळे ग्रेन लपत नाही. मोकळ्या आकाशात वाळू पसरल्यासारखी दिसते. झाडाची साल, जुनी भिंत, दगड यांना हे फार शोभतं; लहान मुलाच्या चेहऱ्याला नाही. १+१०० करून तासभर न हलवता ठेवायची पद्धतही दोनदा करून पाहिली. दोन्ही वेळा फिल्मच्या भोकांपासून फ्रेममध्ये पट्टे उतरले. तिसऱ्यांदा करणार नाही.

तिसरा डेव्हलपर, कोडॅकचा एचसी-११०, सोयीचा आहे. लागेल तेवढा सिरिंजने मोजून घ्यायचा, बस्स. मात्र डायल्यूशन बीला, म्हणजे १+३१ला, एचपी५साठी वेळ फक्त ५ मिनिटं. टँक भरण्या-ओतण्यात दहा-पंधरा सेकंद इकडेतिकडे झाले तरी फरक पडतो, आणि पाणी कोमट असेल तर वेळ आणखी घटतो. मी १+६३ करून वेळ दुप्पट ठेवतो. निगेटिव्ह एकसारखे येतात. वाईट काहीच नाही, तरी मन रमलं नाही.

खरं तर पहिले दोन महिने मला कोणताच फरक दिसत नव्हता, कारण माझा हातच स्थिर नव्हता. जोरजोरात टँक हलवायचो, हायलाइट, म्हणजे फोटोतले उजळ भाग, करपायचे. आता दर मिनिटाच्या सुरुवातीला दहा सेकंदांत चारदा उलटा-सुलटा, मग बुडबुडे सुटावेत म्हणून तळाला एक टिचकी. पाणी २४ अंशांचं असेल तर बर्फ शोधत बसत नाही. आयडी-११ १+१च्या १३ मिनिटांची साधारण ९ करतो.

शेवटी आयडी-११कडेच परतलो. आता पावडर विरघळवली की लगेच २५० मिलीच्या बाटल्यांत गळ्यापर्यंत भरून ठेवतो. भरलेल्या, घट्ट बंद बाटलीत ते सहा महिने टिकतं, अर्ध्या भरलेल्या बाटलीत जेमतेम एक. गेल्या रविवारी अशीच चार महिन्यांची बाटली उघडली. द्रावण स्वच्छ होतं, तरी रोलच्या टोकाचा कापलेला तुकडा उजेडातच त्यात टाकला. काही मिनिटांत तो काळाकुट्ट झाला, आणि मगच टँक भरला.