बोअरच्या पाण्याला कार्बन फिल्टर, रेझिन का आरओ? युरेनियमचा हिशोब

तासगाव, पलूस, मिरज साईडला बोअरच्या पाण्याला फिल्टर बसवायचाय आणि दुकानदार म्हणतोय कार्बनवाला घ्या, सगळं धरतो, तर जरा थांबा.

पाण्यात कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातून आलेले ह्युमिक आणि फल्विक ॲसिड असतात, त्यांच्यावरच्या कार्बॉक्सिल गटांना (ऋणभार घेणारे रासायनिक हात म्हणा) जड धातू चिकटतात. पण सगळे सारखे नाही चिकटत! थोरियम लय घट्ट बसतं, एरवी ते पाण्यात विरघळतच नाही म्हटलं तरी चालेल, ह्युमिकवर बसूनच फिरतं. रेडियम त्यामानानं सैल. युरेनियमचं पाण्यावर अवलंबून, आम्लधर्मी पाणी असेल तर ह्युमिकला धरतं, पण आपल्याकडं पातेल्यात पाणी उकळलं की बुडाला पांढरा थर बसतो ना, म्हणजे कॅल्शियम आणि बायकार्बोनेट भरपूर, पीएच सातच्या वर, अशा पाण्यात युरेनियम ह्युमिकला सोडून कार्बोनेट-कॅल्शियमबरोबर जोडी जमवतं आणि विरघळलेलंच राहतं.

म्हणून कार्बन फिल्टर वास, रंग आणि ह्युमिकसारखे काही सेंद्रिय पदार्थ काढेल, पण युरेनियम त्यांच्यावर बसलेलंच नसतं, त्यासाठी कार्बनवर भरवसा ठेवू नका. यूव्ही फक्त जंतू मारतं. उकळून तर उलट वाढतं, कारण पाणी उडतं, धातू मागं राहतो.

ॲनायन रेझिन, म्हणजे ऋणभाराचे कण धरणारे बारीक मणी, युरेनियम-कार्बोनेट छान ओढतं, पाणीही फार वाया जात नाही, पण ह्युमिक ॲसिडवर पण ऋणभारच असतो, ते रेझिनची जागा अडवतं, पिवळसर पाण्याच्या जुन्या विहिरीला म्हणूनच मी रेझिन सुचवणार नाही. आरओ युरेनियम बहुतेक सगळं अडवतं, क्षारही कमी करतं, फक्त बरंच पाणी बाहेर टाकतं आणि उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या गावात हे मला खरंच बोचतं.

आणि एक सांगतो, घाबरून काही घेऊ नका. आपला काळा पाषाण म्हणजे बेसॉल्ट, त्यात ग्रॅनाइटपेक्षा युरेनियम कमी असतं. ऊसपट्ट्यात खतामुळं नायट्रेटची काळजी आधी करा. पिण्याच्या पाण्यात युरेनियमची मर्यादा लिटरला 30 मायक्रोग्रॅम आहे. रिपोर्टमध्ये युरेनियम, नायट्रेट, टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) आणि कडकपणा मर्यादेत बसत असेल तर कार्बन-यूव्ही घ्या, बास. युरेनियम वर असेल तर पिण्यापुरता आरओ, अख्ख्या घराला नको.

नमुना घेताना मोटर थोडा वेळ चालू द्या, पाइपातलं साचलेलं पाणी जाऊ द्या आणि धातूंसाठी लॅब ॲसिड घातलेली वेगळी बाटली देते तीच भरा, ती विसळू नका.