पाच लिटरचं ओक बॅरल, आठ महिने वापरून

परवा पहाटे पलंगावरून पाय खाली ठेवला तर तळवा चिकटला. लाल थारोळं कपाटापर्यंत गेलेलं. बॅरलची लाकडी तोटी रात्रभर ठिबकत होती. लिटरभर नाशिकची शिराझ ही लाल वाइन, म्हणजे हजाराच्या आसपास रुपये, फरशीवर.

घरी वाइन मुरवायला घेतलेलं हे बॅरल उत्तम आहे, हे आधी सांगतो. अमेरिकन ओक, मीडियम टोस्ट, म्हणजे आतून मध्यम भाजलेलं. सुरुवातीला पाणी भरलं तेव्हा फळ्यांच्या सांध्यांतून पाझरत होतं. चार दिवसांत लाकूड फुगून सांधे मिटले, होडीचे मिटतात तसे. मग वाइनच्या सात बाटल्या ओतल्या. तीन आठवड्यांनी चाखली तर ओल्या खोबऱ्याचा आणि व्हॅनिलाचा वास, घशाला मऊ. साधीच वाइन, पण एवढी बदलली!

मग लोभ झाला. फ्रान्समधल्या बोर्डोत 225 लिटरच्या पिंपात वाइन वर्ष-दीड वर्ष मुरवतात, म्हणून मीही चार महिने ठेवली. लाकूड चघळल्यासारखी लागली. तेव्हा रागाने बॅरलच्या रिव्ह्यूत दोन स्टार दिले होते, ते मागे घेतो. एवढ्या लहान बॅरलमध्ये दर लिटरमागे लाकडाचा स्पर्श साडेतीन पट होतो. दुसरी खेप सहा आठवड्यांत काढली, सुरेख झाली. फक्त दर रविवारी वरून भर घालायची. जागा रिकामी राहिली की हवेने वाइनचं व्हिनेगर होतं.

पण ती तोटी! विक्रेत्याला तीन फोन केले. दरवेळी एकच उत्तर: लाकूड आहे, भिजत घाला. भरलेल्या बॅरलची तोटी भिजवायची कशी, हे कोणी सांगेना. नवी तोटी साडेचारशे, कुरिअर वेगळं, आणि तीही तशीच लाकडी. एवढ्या महाग वस्तूला धड तोटी देता येत नाही?

कारण मात्र नंतर कळलं. हिवाळाभर मुलुंडच्या दमट हवेत एक थेंब गळला नव्हता. एप्रिलमध्ये उकाड्यामुळे बॅरल एसीच्या खोलीत हलवलं. फळ्या आतून वाइनने ओल्या राहतात, तोटीचं बाहेरचं टोक कोरड्या हवेत आक्रसतं आणि चावी सैल होते. माहितीपत्रकात याबद्दल एक ओळ हवी होती.

उरलेली वाइन बाटल्यांत काढली. गल्लीतल्या सुताराने तोटी उपटून भोकात कॉर्क ठोकला. गोंद लावू नका, असं मी त्याला दोनदा बजावलं. त्याने साठ रुपये घेतले. आता वरच्या बुचातून काचेच्या नळीने वाइन काढतो, वाइनच्या तळघरांत नमुना काढतात तसा. काल रात्री खाली वर्तमानपत्र पसरलं होतं. सकाळी उचललं तर कोरडं होतं.